ठेवणे सोपे, सापडणे अवघड

अरबीतून आपल्याकडे आलेल्या शब्दांचे एक छोटेसे कुटुंब आहे. कुराण ज्याला तोंडपाठ आहे त्याला हाफिज म्हणतात. एखादी वस्तू जपून ठेवणे म्हणजे हिफाजत. आणि निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू होती, तेव्हा कचेरीतली जुनी कागदपत्रे ज्या खोलीत ठेवत ती खोली म्हणजे मुहाफिजखाना. तिन्ही शब्दांचा धातू एकच आहे. पाठ असणे आणि जपून ठेवणे या दोन गोष्टी त्या भाषेने वेगळ्या मानल्याच नाहीत. मला यात मोठा अर्थ दिसतो. आयत डोक्यात कुठेतरी आहे, पण विचारल्यावर आठवत नाही, असे म्हणणाऱ्याला कुणी हाफिज म्हणत नाही. जे मागितल्यावर हाती देता येत नाही, ते ठेवले आहे असे म्हणता येत नाही.

आजचा विषय संगणकाचा आहे. तो एका कवीने का निवडला, असे कुणाला वाटेल. मी बी. ए. झालेला माणूस, यंत्रांचे शास्त्र शिकलेलो नाही. पण आपल्या मुलाची गुणपत्रिका, घराचा कर, बँकेचे कागद, आजाऱ्याचे अहवाल हे सगळे आता ज्याला ‘क्लाउड’ म्हणजे ढग म्हणतात तिथे जाते. त्या ढगात फायली कशा ठेवतात आणि परत कशा मिळवतात, याचा इतिहास फार जुना नाही. तो समजून घ्यायला गणित लागत नाही. कागद सांभाळणाऱ्या कारकुनाची नजर पुरते.

आधी शब्दच पाहू. ‘फाइल’ हा शब्द मूळ लॅटिन; त्याचा अर्थ दोरा. युरोपात कागद दोऱ्यात ओवून टांगून ठेवत, त्यावरून तो आला. आपल्याकडे किराणा दुकानात बिले तारेला टोचून ठेवलेली असत, तीच ही पद्धत. ‘दफ्तर’ हा शब्द फारसीतून आला, फारसीत तो ग्रीकमधून गेला, आणि त्याचा मूळ अर्थ कातडे. एके काळी त्यावर लिहीत. पोरांच्या पाठीवरचे दप्तरही तेच. पेशव्यांचे कागद मात्र दोऱ्यात नव्हते. ते कापडी रुमालांत बांधलेले होते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे असे हजारो रुमाल आहेत. गो. स. सरदेसाई यांनी त्यातून निवडक कागद काढून १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे ते कागद सामान्य अभ्यासकाच्या हाती आले. त्याआधीही कागद होतेच, कापडात नीट बांधलेले. पण कुठल्या रुमालात काय आहे, हे सांगणारे कुणी नसेल तर रुमालाची गाठ सोडायची कुठून?

संगणकाच्या जगाची सुरुवातही अशाच गाठीने झाली. पहिल्या यंत्रांची माहिती भोके पाडलेल्या पत्त्यांवर किंवा चुंबकीय फितीवर असे. फितीवरची शेवटची नोंद हवी असेल तर आधीची सगळी फीत फिरवावी लागे. सप्टेंबर १९५६ मध्ये आयबीएम या अमेरिकन कंपनीने ‘रॅमॅक’ नावाचे यंत्र बाहेर आणले. त्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक फिरत आणि एक दांडी हव्या त्या तबकडीपाशी जाऊन हवी ती नोंद वाचत असे. सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटो तेवढी जागा खातो, आणि ते साधन तर टनभर वजनाचे होते. पण हिशेब जागेचा करू नये. रॅमॅकने दिलेली खरी देणगी अशी की, मधली पाने न उलटता थेट हव्या त्या पानावर जाता येऊ लागले.

दुसरे पाऊल १९६९ साली पडले. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ ही प्रणाली बांधायला घेतली. तिच्यातली एक कल्पना मला फार आवडते. युनिक्समध्ये फाइलीचे नाव फाइलीत नसते. नाव असते यादीत. यादीत नावासमोर एक क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकाच्या नोंदीत ती फाइल डिस्कवर कुठे आहे, किती मोठी आहे, मालक कोण, हे लिहिलेले असते. म्हणजे एकाच फाइलीला दोन नावे असू शकतात. नाव बदलले तरी फाइल जागची हलत नाही. यादीतले शेवटचे नाव पुसले, की ती फाइल मात्र गेली. वस्तू, तिचे नाव आणि तिची जागा या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे इथे स्पष्ट झाले. पुढचा सगळा इतिहास याच तीन गोष्टींमधले अंतर वाढत जाण्याचा आहे.

आता जावा. हे बेटाचे नाव आहे, तिथल्या कॉफीवरून ते एका संगणकभाषेला मिळाले. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गोसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवली. १९९५ मध्ये ती जाहीर झाली आणि जानेवारी १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती आली. एकदा लिहा आणि कुठल्याही यंत्रावर चालवा, असे तिचे वचन होते. बँका, विमा कंपन्या, सरकारी कचेऱ्या यांनी ती उचलून धरली ती त्यामुळेच. पण फाइलींपाशी हे वचन थोडे अडखळे. विंडोजमध्ये फाइलीचा पत्ता लिहिताना तिरपी रेघ एका बाजूला झुकते, युनिक्समध्ये दुसऱ्या. जावाने त्या रेघेसाठीसुद्धा वेगळी सोय ठेवली, म्हणजे प्रोग्रॅम जिथे चालेल तिथली रेघ आपोआप घेतली जाई.

एक गोष्ट मात्र त्या काळी सगळ्यांनीच गृहीत धरली होती. यंत्र आपले आहे, त्याची डिस्क आपली आहे, आणि आज ठेवलेली फाइल उद्या त्याच जागी असेल. पुढे नेमके हेच गृहीत कोसळले.

१४ मार्च २००६ रोजी अ‍ॅमेझॉनने ‘एस-थ्री’ नावाची सेवा सुरू केली. इंटरनेटवरून फायली ठेवा आणि हव्या तेव्हा घ्या. एक गीगाबाइट महिनाभर ठेवण्याचे भाडे पंधरा सेंट. या कोठीत फोल्डर नाहीत, फोल्डरात फोल्डर नाहीत. ‘बकेट’ म्हणजे बादली, आणि बादलीत वस्तू. प्रत्येक वस्तूला एक किल्ली, म्हणजे अक्षरांची एक ओळ. किल्ली सांगून वस्तू ठेवायची, तीच किल्ली सांगून परत मागायची. ती कुठल्या इमारतीत, कुठल्या तबकडीवर आहे, हे विचारायचे नाही; ते कळतही नाही. त्या ओळीत तिरपी रेघ दिसली की आपल्याला फोल्डर वाटते, पण ती रेघ नुसते एक अक्षर असते.

पाठोपाठ गूगलने एप्रिल २००८ मध्ये ‘अ‍ॅप इंजिन’ आणले आणि एप्रिल २००९ मध्ये त्यावर जावा चालू लागली. तुम्ही प्रोग्रॅम द्या, यंत्रे आम्ही सांभाळू, असा तो व्यवहार होता. जावा जाणणारे उत्साहाने गेले आणि दारातच थबकले. तिथे प्रोग्रॅमला स्वतःबरोबर आणलेल्या फायली वाचता येत, पण नवी फाइल लिहिण्याची मनाई होती. वर्षानुवर्षे ज्या ओळींनी फायली लिहिल्या, त्याच ओळी तिथे चुकीच्या ठरत. हेरोकू या दुसऱ्या सेवेवर २०११ पासून जावा चालू लागली. तिथे लिहिता येई, पण यंत्र पुन्हा सुरू झाले की लिहिलेले पुसले जाई. आणि प्रत्येक यंत्र दिवसातून एकदा तरी पुन्हा सुरू केले जाई.

ही मनाई कशासाठी होती? दहावीच्या निकालाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. एका तासात लाखो मुले एकच पान उघडतात. तेव्हा एकाच प्रोग्रॅमच्या शंभर प्रती शंभर यंत्रांवर चालू केल्या जातात, आणि संध्याकाळी गर्दी ओसरली की त्यातल्या नव्वद बंद होतात. आता एखाद्या मुलीने अकरावीच्या प्रवेशासाठी गुणपत्रिकेची प्रत चढवली, आणि ती सतराव्या यंत्राने स्वतःच्या डिस्कवर ठेवली असे समजा. दहा मिनिटांनी तिने तीच प्रत पाहायला मागितली, तर तिची मागणी चाळिसाव्या यंत्राकडे जाईल. ते म्हणेल, माझ्याकडे असे काही नाही. आणि संध्याकाळी सतरावे यंत्रच बंद झाले, की मग सगळाच प्रश्न मिटला. म्हणून ढगातल्या प्रोग्रॅमला स्वतःचे घर नसते. त्याने हातात आलेली वस्तू लगेच कोठीत जमा करायची आणि रिकाम्या हाताने पुढच्या माणसाकडे वळायचे. गूगलने यासाठी ‘ब्लॉबस्टोअर’ नावाची वेगळी कोठी दिली होती. नंतर नव्या कामांसाठी ‘क्लाउड स्टोरेज’ पुढे केले.

हे काम चालते कसे? आपल्याकडच्या धोब्याची आठवण करावी. तो पन्नास घरांचे कपडे घाटावर नेई. तिथे सगळे कपडे एकत्र भिजत, एकाच दोरीवर वाळत, तरी ज्याचा सदरा त्याच्या घरी परत येई. कारण कॉलरच्या आत बिब्ब्याने केलेली एक खूण असे. खूण मालकाच्या नावाची नसे, ती धोब्याच्या हिशेबाची असे. कोठीतली किल्ली तशीच असते. दोन हजार मुले आपापल्या फाइलीला ‘मार्कशीट’ असेच नाव देणार. तेच नाव किल्ली म्हणून वापरले, तर नव्या मुलाची फाइल जुन्या मुलाच्या फाइलीवर बसेल आणि पहिली निमूटपणे नाहीशी होईल. म्हणून प्रोग्रॅम प्रत्येक फाइलीसाठी एक नवी खूण तयार करतो. जावात छत्तीस अक्षरांची अशी खूण देणारी सोय २००४ पासून आहे. त्या खुणेने फाइल कोठीत जाते. आणि दुसरीकडे, नोंदवहीचे काम करणाऱ्या डेटाबेसमध्ये एक ओळ लिहिली जाते: अर्ज अमुक, मुलीने दिलेले नाव अमुक, प्रकार चित्र की पीडीएफ, आकार एवढा, जमा केल्याची वेळ ही, आणि खूण ही.

परत देताना उलटा प्रवास. आधी मागणारी व्यक्ती कोण, तिला अधिकार आहे का, हे पाहायचे. मग वहीतून खूण काढायची, कोठीला दाखवायची, आणि फाइल येईल तशी थोडी थोडी पुढे सरकवायची. सबंध फाइल आधी स्वतःच्या स्मरणात भरून घेतली तर दहा मोठ्या फायलींतच यंत्राचा श्वास कोंडतो. विहिरीवरून रांगेने हातोहात घागरी द्याव्यात तसे हे देणे असते. कधीकधी प्रोग्रॅम स्वतः मध्ये पडतही नाही. तो काही मिनिटांपुरती चालणारी एक चिठ्ठी लिहून देतो आणि मागणारा ती घेऊन थेट कोठीकडे जातो. वेळ संपली की चिठ्ठी रद्द.

म्हणजे खरा ऐवज दोन ठिकाणी विभागलेला आहे: वस्तू कोठीत आणि तिची ओळख वहीत. वहीतली ओळ गेली तर कोठीतली फाइल सुखरूप राहील, पण कोणाची ते कुणालाच कळणार नाही. फाइल गेली आणि ओळ राहिली, तर ‘जमा आहे’ असे वही सांगत राहील आणि मागितल्यावर हाती काही लागणार नाही. चांगला कारागीर म्हणून आधी फाइल पोचल्याची खात्री करतो आणि मगच वहीत ओळ लिहितो.

एवढे करूनही एक घोळ बरीच वर्षे राहिला. अ‍ॅमेझॉनच्या कोठीत एकेका वस्तूच्या अनेक प्रती निरनिराळ्या जागी ठेवतात. त्या सगळ्या प्रतींपर्यंत नवी बातमी पोचायला थोडा वेळ लागे. जुन्या फोटोच्या जागी नवा ठेवला, तर काही क्षण जुनाच फोटो मिळू शके. नुकतीच ठेवलेली फाइल यादीत दिसायला उशीर होऊ शके. माणसाला वाटे की आपण केलेली दुरुस्ती गेली. जावा लिहिणाऱ्यांना त्यासाठी थांबण्याच्या, पुन्हा विचारण्याच्या युक्त्या कराव्या लागत. डिसेंबर २०२० मध्ये अ‍ॅमेझॉनने ही उणीव दूर केली. ठेवले की तत्काळ तेच मिळेल, असे झाले. सेवा सुरू होऊन तोवर चौदा वर्षे उलटली होती.

या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत बोलका वाटणारा दिवस २८ फेब्रुवारी २०१७ हा आहे. एस-थ्रीबद्दल अ‍ॅमेझॉनचा दावा असा की, एक कोटी वस्तू ठेवल्या तर सरासरी दहा हजार वर्षांत एखादीच हरवेल. त्या दिवशी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया भागातल्या केंद्रात बिलाची यंत्रणा संथ चालत होती. तिचा तपास करताना एका कर्मचाऱ्याला थोडे सर्व्हर बाजूला काढायचे होते. आज्ञा टंकताना एक भाग चुकला आणि ठरवल्यापेक्षा खूप जास्त सर्व्हर निघाले. त्यात कोठीची सूची सांभाळणारे सर्व्हर होते. कुठली वस्तू कुठे आहे, हे फक्त त्यांना ठाऊक. सूचीची ती यंत्रणा कित्येक वर्षांत पूर्णपणे बंद करून पुन्हा सुरू केलेली नव्हती. तेवढ्या काळात कोठी अफाट वाढली होती, त्यामुळे सूची उभी राहायला अपेक्षेपेक्षा फार वेळ गेला. सुमारे चार तास असंख्य संकेतस्थळे ठप्प झाली. सेवा बंद आहे, हे सांगणारा अ‍ॅमेझॉनचा स्वतःचा फलकही बदलता येईना, कारण तोही याच कोठीवर अवलंबून होता.

लक्षात घ्या, फायली तबकड्यांवर सुखरूप होत्या. सूची पडली म्हणून त्या जगाला मिळेनात. रुमाल कपाटात होते आणि त्यांची यादी जागेवर नव्हती.

आता मराठी माणसाच्या जवळची एक गोष्ट. फाइल परत मिळाली म्हणजे मजकूर परत मिळाला, असे नेहमी होत नाही. १९९१ मध्ये ‘युनिकोड’ या जागतिक अक्षरसंहितेची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरीला जागा होती. ती मांडणी १९८८ च्या ‘इस्की’ या भारतीय संहितेवरून घेतलेली. जावा जन्मापासून युनिकोड जाणणारी, म्हणजे तिच्या पोटात ‘ळ’ होता. पण उंबरठ्यावर अडचण होती. फाइलीत अक्षरे लिहिताना कुठली संहिता वापरायची, हे प्रोग्रॅमने स्पष्ट सांगितले नाही, तर जावा त्या यंत्राची नेहमीची संहिता घेई. पश्चिमी बनावटीच्या विंडोज यंत्रावर त्या संहितेत देवनागरी नसे. मग ‘ज्ञानेश्वर’ लिहायला दिले की फाइलीत जात ती फक्त प्रश्नचिन्हे. कुठे तक्रार नाही, कुठे घंटा नाही. आणि एकदा प्रश्नचिन्हे लिहिली गेली की त्यातून मूळ नाव काढण्याचा उपाय नाही. फाइल अगदी वेळेवर सापडते, उघडते, आणि आत नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. ज्याचे नाव असे गेले त्याला दहा हजार वर्षांच्या हमीचा काय उपयोग?

यावरचा उपाय केव्हाच सापडला होता. युनिक्सवाले केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका साध्या उपाहारगृहात, जेवणाच्या टेबलावरच्या कागदावर ‘यूटीएफ-८’ ही पद्धत आखली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक घर लागते, देवनागरी अक्षरचिन्हाला तीन. पण जगातल्या सगळ्या लिप्या एका फाइलीत नांदतात. जावाने मात्र काही सांगितले नाही तर यूटीएफ-८ हाच नियम, असे केले ते मार्च २०२२ मध्ये, अठराव्या आवृत्तीत. उपाय आणि नियम यांत तीस वर्षे गेली. त्याआधीच्या जावावर चालणारे जुने प्रोग्रॅम लगेच थोडेच बदलतात? म्हणून कुठल्या अर्जात मराठी नाव भरल्यावर ते परत उघडून पाहावे, हा सल्ला अजून जुना झालेला नाही.

अ‍ॅमेझॉनचे केंद्र जून २०१६ पासून मुंबई भागातही आहे. ज्याला आपण ढग म्हणतो, तो म्हणजे कुलूपबंद इमारती, वीज, पंखे आणि तबकड्या. त्यात गूढ काही नाही. कागद पूर्वी कचेरीतल्या कपाटात होते, आता तिथे आहेत. फरक पडला तो राखणदारात. मुहाफिजखान्यात एक माणूस बसलेला असे. तो आळशी असेल, चहापाण्याशिवाय हलत नसेल, पण ‘कागद सापडत नाही’ हे त्याला आपल्या तोंडावर सांगावे लागे. आता पडद्यावर एक ओळ उमटते: नोंद उपलब्ध नाही. फाइल गेली, वहीतली ओळ गेली, की सूची पडली, हे त्या ओळीतून कळत नाही. खिडकीपलीकडचा कारकून म्हणतो, संगणक दाखवत नाही. आणि ज्याची गुणपत्रिका किंवा निवृत्तिवेतनाचा कागद अडला आहे, तो माणूस आपणच काही चुकलो असे समजून घरी जातो.

त्याने तसे समजू नये. न दिसणारी फाइल अनेकदा असते. तिच्यापर्यंत नेणारी ओळ तुटलेली असते. अर्ज जमा झाल्यावर मिळणारा क्रमांक ही आपल्या बाजूची खूण आहे, ती जपून ठेवावी आणि तिच्या आधारे पुन्हा शोधायला लावावे. आणि हे प्रोग्रॅम जे लिहितात, ज्यांत आपलीच मुले-मुली आहेत, त्यांनी किती ठेवले याचा हिशेब देताना अधूनमधून त्यातले काही मागून पाहावे. हाफिजाची परीक्षा अशीच होते. कुणीतरी मधूनच एखादी आयत उच्चारतो आणि म्हणतो, इथून पुढे म्हणा.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)